उभ्यानं मोजलेलं धरायचं नाही

सरांना उभ्या माणसाचं ऐकू येत नसे.

कान ठणठणीत होते. विहिरीवरची मोटार बंद पडली की ते वर्गात बसल्या बसल्या त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. पण कुणी समोर उभं राहून बोलायला लागलं की ते त्या माणसाच्या गुडघ्यांकडं बघत राहायचे. बोलणं संपलं की हातानं जमिनीकडं खूण करायचे. तो बसला की म्हणायचे, "हां, आता बोल." आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं.

प्राचार्यांचीही यातून सुटका नव्हती. एकदा ते पांढरी पँट घालून मीटिंगची नोटीस द्यायला शेतात आले. दहा मिनिटं उभ्यानं बोलले, सर गुडघे बघत राहिले. शेवटी प्राचार्य बांधावर टेकले, नोटीस दिली आणि उठले तेव्हा मागं काळ्या मातीचे दोन गोल उमटलेले. त्यानंतर ते सरांकडं येताना बगलेत पेपर घेऊन यायचे. पोरं म्हणायची, "साहेबांनी पेपर घेतला, म्हंजी शेतात निघाले."

राष्ट्रगीताला मात्र सर सगळ्यांत ताठ असायचे. "उभ्यानं ऐकायचं ते एवढंच," ते म्हणायचे. "बाकी जमिनीचं बोलणं जमिनीवर बसून."

लातूर जिल्ह्यात, नांदेडच्या रस्त्यावर त्यांचं कनिष्ठ महाविद्यालय होतं. तिथं अकरावी-बारावीला पीकशास्त्राचा वर्ग, मागं सहा एकर शेत, पत्र्याचं एक शेड. मी बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि सहा आठवडे तिथं पाठ घ्यायला गेले होते. सहा आठवडे त्यांच्या हाताखाली होते, पण पाच आठवडे मला ते नुसते विक्षिप्त वाटले. कळले ते शेवटच्या आठवड्यात.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आमच्या अप्पांची शाळा सातवीत सुटली, आई सही करते ती चित्र काढल्यासारखी, एकेक अक्षर गिरवून. मी उमरी तालुक्यातल्या खेड्यातून नांदेडला जाऊन बी.एस्सी. कृषी केली, मग बी.एड.ला गेले. आमचे चुलते म्हणायचे, "शेतीचं शिकली, आता शेती शिकवायचं शिकून राहिली. मंग करणार कधी?" त्यांना उत्तर द्यायची एकच वाट होती, नोकरी. उमरीजवळच्या एका शाळेच्या सचिवांनी अप्पांना शब्द दिला होता की पोरीला शेवटच्या पाठात अ श्रेणी पडू द्या, जूनपासून घेतो. अप्पांनी तो शब्द घरात ठेवला नाही. पारावर सांगितला, पिठाच्या गिरणीत सांगितला, सोयरिकीतही सांगून आले. म्हणजे तो पाठ माझा एकटीचा राहिला नव्हता.

पहिल्या दिवशी मी वर्गात गेले तर सर हजेरी घेत होते. हजेरी म्हणजे नाव पुकारून झाल्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न, "आज काय खाल्लं आणि ते कुठं पिकलं?" पोरं सांगत होती. ज्वारीची भाकर, घरची. वरण, तूर मामाच्या शेतातली. भात, राशनचा, कुठं पिकला माहीत नाही. "माहीत नाही" म्हणलं की सर हजेरीपटावर एक टिंब द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते विचारायचे. मी मागं उभी होते. माझ्याकडं बघून त्यांनी जमिनीकडं खूण केली. मला वाटलं माझं काहीतरी पडलं. मी वाकून शोधायला लागले तर सगळा वर्ग हसला.

"बसा, मॅडम," एक पोरगी म्हणाली. "बसल्याबिगर त्यांना तुम्ही दिसत न्हाईत."

मी बसले. "काय खाल्लं?"

"बिस्किट."

"बिस्किट कुठं पिकतं?"

बी.एस्सी.ला मला त्र्याऐंशी टक्के होते. त्यांनी माझ्या नावाचं एक टिंब दिलं.

दिसायला ते सामान्यच होते. पांढरा शर्ट, नडगीपर्यंत दुमडलेली पँट, शेतात शिरताना चपला हातात. शर्टाच्या दोन्ही खिशांत कायम कसलं ना कसलं बी. त्यांच्या बायकोनं एकदा शर्ट भिजत घातला आणि घाईत तसाच राहून गेला. दुसऱ्या दिवशी खिशातल्या मुगाला मोड आलेले. वहिनींनी त्याची उसळ करून डब्यात दिली. सर आम्हाला ती वाढताना अभिमानानं म्हणाले, "पंधरा दाणे होते, पंधराही उगवले."

ते पंधरा मोजलेले होते, कारण सर सगळंच मोजायचे. एका ओळीत झाडं किती, एका झाडाला शेंगा किती, एका शेंगेत दाणे किती. आणि मोजायचं ते बसून. "उभ्यानं मोजलेलं धरायचं न्हाई," हे वाक्य मी त्या सहा आठवड्यांत किती वेळा ऐकलं असेल, ते मात्र मी मोजलं नाही. कुणी पोरगा बांधावरून आकडा ओरडला की सर तो लिहूनच घ्यायचे नाहीत. असं का, याची त्यांच्याकडं दर वेळी वेगळी कारणं. एकाला म्हणाले माझी पाठ दुखते, मला सोबत पाहिजे. एकाला म्हणाले झाडाला लाज वाटते वरून बघितल्यावर. मला म्हणाले, "उभ्या माणसाला जायची घाई असते. बसलेल्याला निदान उठायचा तरी कंटाळा असतो."

मी उभ्या माणसांतली होते. मला तेव्हा दर तासाला कुठंतरी जायचं असायचं. "तुझी चप्पल आधी येते," सर म्हणायचे, "मंग तू येतीस, आन् ध्यान तर दुसऱ्या दिवशी येतं."

माझे पाठ ते बघत नसत. वर्गाच्या खिडकीबाहेर पालथ्या बकेटवर शेताकडं तोंड करून बसायचे आणि ऐकायचे. "पाठ बघितला की फळ्यावरचं अक्षर बघण्यात जीव जातो," म्हणायचे. माझ्या निरीक्षण वहीत शेरा म्हणून काय लिहायचे? कधी "वारा पश्चिमेचा". कधी "मागच्या बाकावरची दोघं पाचव्या मिनिटाला झोपली, श्वासावरून". नांदेडच्या आमच्या मार्गदर्शक मॅडमनी ती वही बघून विचारलं, "हे सर बरे आहेत ना?" मी म्हणाले, "असतील." तेव्हा माझं मत तेवढंच होतं.

आता तो आठवडा.

होळी होऊन गेली होती, ऊन कडक व्हायला लागलं होतं. शेवटचा पाठ शनिवारी, बाहेरचे परीक्षक येणार. मी विषय निवडला, सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासणी. आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत असतं आणि फार कमी लोक करतात. ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला बारदाना, त्याची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर पेरताना बी नेहमीइतकंच. त्याखाली गेले तर एकरी बी वाढवायचं. साठच्या आत आले तर ते बी पेरायचंच नाही, दुसरं बघायचं. मी सोमवारी गुंडाळी लावणार आणि शनिवारी परीक्षकांसमोर उघडणार. वर्गासमोर खरं बी, खरा निकाल. माझ्या बॅचमध्ये असा पाठ कुणाचाच नव्हता, आणि ते मला चांगलं माहीत होतं.

बी कांताबाईंनी दिलं. कांताबाई कॉलेजच्या शेतावर रोजानं यायच्या. त्यांची स्वतःची तीन एकर होती, घरी सोयाबीनची तीन पोती बियाण्याला राखून ठेवलेली. त्यातलं एक पोतं त्यांनी शेडमध्ये आणून ठेवलं. रविवारी त्यांनी त्यातून मला डबाभर सोयाबीन काढून दिलं. म्हणाल्या, "ताई, तुमच्या हातानं लावा. तुमचा हात शिकलेला हाय. दीड पोतं मला बस होतंय. चांगलं निघालं तर राहिलेलं हिमायतनगरच्या भावाला देते, तो बी बघूनच राहिलाय."

डबा घेऊन मी भाड्याच्या खोलीवर आले. पाठाचं टाचण मोठ्यानं म्हणत, डबा ताटात ओतून घेतला आणि हात सुरू झाले. चिमलेला दाणा बाजूला, फुटका बाजूला, डागाचा बाजूला. आमच्या आईचा एक नियम आहे, निवडल्याशिवाय काहीही भिजत घालायचं नाही. दुसऱ्याच्या घरचं धान्य असेल तर आणखी बारकाईनं, नाहीतर त्या बाईला वाटंल आमच्या घरात रीत नाही. निवडण्यात माझा हात आईसारखा चालतो, गावात तसं म्हणतात. टाचणाचं शेवटचं पान झालं तेव्हा ताटात सोन्यासारखं सोयाबीन होतं. बाजूला काढलेलं मी घरमालकिणीच्या कोंबड्यांना टाकलं. त्यात काही केल्यासारखं मला वाटलंही नाही.

सोमवारी पोरांसमोर शंभर दाणे मांडून गुंडाळी लावली आणि वर्गाच्या कोपऱ्यात ठेवली.

मंगळवारी टाचणावर मॅडमची सही घ्यायला नांदेडला. जाताना अहमदपूरला एसटी बदलली, लोह्याच्या पुढं ती बंद पडली. पोचले तर मॅडम मीटिंगमध्ये. दोन तास व्हरांड्यात उभी. मॅडमनी सही केली पण उद्दिष्टं बदलायला सांगितली, म्हणजे टाचण परत लिहायचं. येताना गाडीत उभ्यानं. बुधवारी दोन पाठ, दुपारी तक्ता रंगवायला घेतला तर हिरवा रंग संपला, रंगासाठी अहमदपूर. गुरुवारी पन्नास पोरांचे चाचणी पेपर, प्रकल्पाची वही, हजेरीपत्रकावर सह्या. रोज मध्येच धावत जाऊन गुंडाळीवर पाणी शिंपडायचं. कांताबाई म्हणायच्या, "ताई, जरा टेका की. पाणी मारायला मी हाय न्हवं?" मी म्हणायचे, "राहू द्या मावशी, माझं मी करते." अप्पांचा रोज सकाळी फोन, "सचिव भेटले होते, विचारत होते." मी म्हणायचे, "सांगा त्यांना, शनिवारी."

शुक्रवारी पोरं गेल्यावर मला राहवलं नाही. गुंडाळी हळूच उघडली, तर आत पांढऱ्या मोडांची नुसती दाटी. वाकूनच भराभर मोजले. त्र्याण्णव. परत गुंडाळी केली आणि पळत शेडमागं गेले.

सर तिथं लिंबाखाली बसले होते. त्यांच्यासमोर एक ओली गुंडाळी.

"सर, माझे त्र्याण्णव निघाले."

ते माझ्या गुडघ्यांकडं बघत राहिले. मी बसले. "त्र्याण्णव," मी परत म्हणाले.

"हाव का? हे मोज."

त्यांनी त्यांची गुंडाळी उघडली. मी मोजलं. एकसष्ट. परत मोजलं. एकसष्टच. मधले मधले दाणे नुसते फुगून मऊ पडलेले, काहींना बुरशी.

"हे कुणाचं बी आहे?"

"कांताबाईचं. तिच्याच पोत्यातलं. पोरांनी कुणीबी गुंडाळी लावली की मी त्याच दिवशी जोडीला एक लावत असतो."

"मग तुमच्या बारदान्याला पाणी कमी पडलं असंल."

त्यांनी बारदाना उचलून माझ्या हातावर ठेवला. पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"तू दाणे कशातून घेतले?"

"डब्यातून."

"डब्यातून सरळ बारदान्यावर?"

मला ताट दिसलं.

"निवडले?"

"हाव."

"काय काय काढलं?"

"चिमलेले. फुटके. डागाचे."

"कुठं टाकले?"

"घरमालकिणीच्या कोंबड्यांना."

"मंग कोंबड्यांनी काय पेरायचं ते कोंबड्या बघतील," सर म्हणाले. "कांताबाई पोत्यातून पेरणार हाय."

मला त्यांचा राग आला. रडूही आलं, पण ते मी दाखवलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही सोमवारी का नाही सांगितलं?"

"सोमवारी मला काय म्हाईत? तुझ्या खोलीवर ताट बघायला आलतो का मी?"

"आता काय करू?"

"पाठ तुझा हाय. मी ऐकायला बसणार हाय."

"परीक्षक काय म्हणतील?"

"परीक्षकांना पेरायचं हाय का?"

एवढं बोलून त्यांनी गुंडाळी बांधली आणि खिशातले दाणे काढून मोजायला लागले.

खरं ते सांगते. रात्रीतून मी ठरवलं की पाठात काही बोलायचं नाही. पाठ टाचणाप्रमाणे घ्यायचा, त्र्याण्णव आकडा फळ्यावर लिहायचा, श्रेणी घ्यायची. परीक्षक गेले की कांताबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगायचं. पेरणी जूनमध्ये. दोन तासांनी काय फरक पडतो? हा हिशेब मला अगदी चोख वाटला होता.

शनिवारी परीक्षक आले, सोबत मॅडम. परीक्षक मागं भिंतीला टेकून उभे, मॅडम घड्याळ काढून बसलेल्या. कांताबाई धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या, दाराजवळ पोरींच्या बाजूला बसल्या. खिडकीबाहेर सरांची पाठ. मी प्रस्तावना घेतली, प्रश्न विचारले, पोरांनी हात वर केले. गुंडाळी उघडली तेव्हा वर्गातून "आरारा" असा आवाज आला. पोरं बसून मोजत होती, मी उभी होते. त्र्याण्णव. मी फळ्यावर लिहिलं. परीक्षकांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी टिपलं. मॅडम माझ्याकडं बघून हसल्या. महिनाभरात पहिल्यांदा.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला. "हॅलो. भाऊ, मी कांता."

पोरं खुसखुसली. मॅडम म्हणाल्या, "अहो बाई, पाठ चालू आहे."

"दोन मिन्टं, मॅडम. ह्यो आता बियाणं आणायलाच निघालाय, दुकानाच्या वाटंवर हाय." आणि फोनमध्ये, "माघारी फिर. आपलं बी त्र्याण्णव निघालं. हाव, ताईनं मोजलं, कॉलेजच्या. दीड पोतं तुझं. कुठं जाऊ नको."

मी खडू हातात घेऊन उभी होते. पुढचा मुद्दा तोंडपाठ होता. माझ्या हिशेबात कांताबाई होत्या, जून होता, दोन तास होते. हिमायतनगरच्या वाटेवरचा तो माणूस नव्हता.

"मावशी," मी म्हणाले, "फोन ठेवू नका. भाऊंना थांबा म्हणा."

मी दारातून बाहेर गेले. सर बकेटवर बसले होते. त्यांची गुंडाळी शेजारी सावलीत, भिंतीला टेकवून ठेवलेली. काल ती शेडमागं होती. इथवर त्यांनीच आणली असणार. पण पुढं केली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. मी मागितली असती तर दिली असती. न मागता दिली नसती. मी उचलली आणि आत आले.

आणि वर्गाच्या मधोमध खाली बसले.

"ही सरांनी लावलेली," मी पोरांना म्हणाले. "त्याच दिवशी, त्याच पोत्यातून. मोजा."

एकसष्ट. एका पोरीनं परत मोजलं. एकसष्ट.

"मॅडम, ह्यात कोणतं खरं?" तिनं विचारलं.

"हे खरं. माझी गुंडाळी खोटी आहे." मी दोन्ही बारदाने शेजारी ओढले. "मी दाणे निवडून लावले. आमच्या घरात निवडल्याशिवाय भिजवत नाहीत. खायचं असेल तर ते बरोबर आहे. तपासायचं असेल तर पोत्यात जसं आहे तसंच घ्यायचं. चिमलेलं, फुटकं, सगळं. पेरणार ते पोत्यातलं आहे, माझ्या ताटातलं नाही. सांगा, मी त्र्याण्णव धरून पेरलं असतं तर काय झालं असतं?"

"पातळ उगवलं असतं," मागून एक पोरगा म्हणाला.

"मंग दुबार पेरणी," दुसरा.

कांताबाई फोन कानाला तसाच धरून होत्या. "म्हंजी माझं बी नापास?"

"नापास नाही, मावशी. साठच्या वर आहे, पेरता येतं. पण एकरी बी वाढवावं लागंल. भावाला दीड पोतं जायचं नाही, आणि जेवढं जाईल तेवढं त्यांनीही दाट पेरावं लागंल."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग फोनमध्ये म्हणाल्या, "ऐकलं का? तू तुझं घे बघून. न्हाई, माझं न्हाई पुरत. अरे, ताईच म्हणून राहिली. ताईनंच निवडलं आन् ताईनंच सांगितलं. जा तू दुकानात."

घंटा झाली. उजळणी राहिली, गृहपाठ राहिला, अहमदपूरहून रंग आणून रंगवलेला तक्ता गुंडाळलेलाच राहिला.

परीक्षक वाईट नव्हते. वर्ग रिकामा झाल्यावर म्हणाले, "बाळा, चूक आधी सुधारून यायची असते. पाठात उघडी करायची नसते." मग खिडकीतून सरांना विचारलं, "सर, तुम्ही अनुभवी. तुम्ही हिला आधी सांगितलं नाही?"

सर त्यांच्या गुडघ्यांकडं बघत होते.

"साहेब, बसा," कांताबाई म्हणाल्या. "त्यांना उभ्याचं ऐकू येत न्हाई."

परीक्षक बसले नाहीत. त्यांचा पुढचा पाठ दुसऱ्या गावाला होता. जाताना त्यांनी कागद मॅडमकडं दिला, तो मी नंतर बघितला. श्रेणी ब. शेरा, "वेळेचे नियोजन नाही. पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. प्रयोगाची पूर्वतयारी सदोष." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वाद घालायला मला जागाच नव्हती.

मला वाटलं होतं सर काहीतरी बोलतील. शाबास नाही तरी बरं झालं एवढं. निरीक्षण वही मी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी लिहिलं, "आज पाठ बसून झाला." खाली सही, तारीख. वही परत दिली आणि म्हणाले, "गुंडाळ्या तीन लावायच्या असतात. माझी एक झाली. तुझी धरायची न्हाई. म्हंजी दोन राहिल्या. बारदाना भिजव."

आम्ही तिघं शेडमध्ये पोत्याभोवती बसलो. कांताबाईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातून एक मूठ काढली, मधून एक, वरून एक. बारदान्यावर दहा-दहा मांडायला लागल्या. मी शेजारून दाणे पुढं सारत होते. एक चिमलेला दाणा आला. माझा हात आपोआप त्याला बाजूला करायला गेला.

कांताबाईंनी हातावर फटकन चापट मारली. "राहू द्या तिथंच. त्यो बी पेरायचा हाय मला."

सर हसले. सहा आठवड्यांत मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं. दोन्ही गुंडाळ्या लावून झाल्या आणि दुसऱ्या दिवशी मी नांदेडला परतले.

आता मी माहूरच्या बाजूला शिकवते, बारदाने माझ्याही वर्गात भिजतात आणि जोडीची गुंडाळी मीही गुपचूप लावते. पण सर डोळ्यांपुढं येतात ते वर्गातले नाहीत, शेडमधलेही नाहीत. ते येतात फोनवरचे, त्यानंतरच्या गुरुवारचे.

मी नांदेडहून उमरीला निघाले होते. पर्समध्ये गुणपत्रक. अप्पा उमरीच्या स्टँडवर येणार होते आणि तिथून आम्ही थेट सचिवांकडं जाणार होतो. पाठ कसा झाला विचारलं तेव्हा मी फोनवर "झाला" एवढंच म्हणाले होते. अप्पांनी त्याचा अर्थ त्यांना पाहिजे तो घेतला होता. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी दांडीला धरून उभी होते आणि काय बोलायचं ते मनात जुळवत होते. ब म्हणजे काही वाईट नाही, अप्पा. सचिवांना समजावून सांगू, अप्पा. परीक्षकच कडक होते, अप्पा. एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

फोन वाजला. कांताबाई.

"ताई, उघडल्या दोन्ही. आकडा सर सांगून राहिले. घ्या हो सर, ताई हाय."

सरांचा आवाज आला. "उभी हायस का बसलेली?"

"उभी, सर. गाडीत जागा नाही."

"मंग ठेव. बसल्यावर लाव." आणि फोन बंद.

उमरीला उतरले तर अप्पा समोरच. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला नवीन टोपी, मोटारसायकलची किल्ली हातात. "चल, सचिव घरीच हायत. किती पडलं?"

"दोन मिनिटं, अप्पा." मी स्टँडच्या कट्ट्यावर बसले आणि फोन लावला. "सर, बसले."

"एक त्रेसष्ट, एक साठ," सर म्हणाले. "मी मोजलं न्हाई. कांताबाईनं मोजलं. दोनदा. तुझं काय निघालं?"

"ब."

"ज्यानं मोजलं तो बसला होता का?"

"नाही, सर. उभेच होते."

बहुतेक त्यांनी मान हलवली असावी. मग कांताबाईंचा आवाज आला, त्या कुणाला तरी पाणी बंद कर म्हणत होत्या, आणि फोन ठेवला गेला.

अप्पा माझ्यासमोर उभे होते. किल्ली या हातातून त्या हातात. "कोण होतं? काय म्हणून राहिले? सांग की. किती पडलं?"

मी त्यांच्या गुडघ्यांकडं बघत होते. मग हातानं कट्ट्याकडं खूण केली.

"अप्पा," मी म्हणाले, "आधी बसा. पहिल्यापासून सांगते."